अमेरिकन साहित्य वाचताना लागणाऱ्या संज्ञा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी संज्ञांचा कोश पाठ करावा, की आधी कविता-कादंबऱ्या वाचाव्यात?

आधी वाचा. कोशात शेकडो नोंदी असतात, बी.ए.-एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरला, किंवा सेट-नेटच्या तयारीलाही, त्यातल्या मोजक्याच पुन्हा पुन्हा लागतात. निवेदक, टोन, प्रतिमा, प्रतीक, मेटाफर, आयरनी, छंदाचे पाद, यमक, एन्जॅम्बमेंट आणि अ‍ॅल्यूजन एवढ्यांवर पकड आली की बाकीच्या वाचता वाचता कळत जातात.

वहीत प्रत्येक संज्ञेला अर्धं पान ठेवा आणि तीन गोष्टी लिहा. स्वतःच्या शब्दांत एका वाक्याची व्याख्या, नेमलेल्या पुस्तकातली एक ओळ, आणि ती क्लृप्ती काढून टाकली तर त्या ओळीचं काय बिघडतं. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. गुण मात्र तिथेच असतात.

‘काय बिघडतं’ म्हणजे नेमकं कसं पाहायचं?

ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची ‘वी रिअल कूल’ (1959) घ्या. पूल खेळत बसलेली, शाळा सोडलेली सात पोरं बोलतायत. एकूण 24 शब्द, सगळे एका अवयवाचे, म्हणजे एकाच झटक्यात उच्चारले जाणारे. तीन-तीन शब्दांची आठ वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्य ‘वी’ने सुरू होतं. पण पहिलं सोडलं तर बाकीचे सगळे ‘वी’ आधीच्या ओळीच्या टोकाला लटकवले आहेत. वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत उतरतं, त्याला एन्जॅम्बमेंट म्हणतात.

आता हीच कविता सरळ लिहून पाहा: प्रत्येक ओळीत एक वाक्य, सुरुवातीला ‘वी’. लगेच ती शाळेच्या संचलनातली घोषणा वाटायला लागते. मूळ मांडणीत ‘आम्ही’ म्हटल्यावर क्षणभर पोकळी येते, आणि ‘आम्ही कोण’ हे त्या पोरांनाच पक्कं ठाऊक नसल्यासारखं वाटतं. शिवाय शेवटच्या ओळीच्या टोकाला ‘वी’ नाही. लवकर मरतो असं म्हणून वाक्य संपतं आणि ‘आम्ही’ही संपतं. एवढं लिहिलंत तर ‘एन्जॅम्बमेंट’ हा शब्द तुमच्या उत्तरात नुसता शोभेला बसलेला नसेल.

मराठी अलंकार शाळेत शिकलो आहोत. तेच इंग्रजी नावांनी वापरले तर चालेल ना?

काही चालतात, काही दगा देतात. उपमा म्हणजे सिमिली आणि चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, इथे अडचण नाही.

मेटाफरला मात्र ‘रूपक’ म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात. इंग्रजी मेटाफरमध्ये उपमेय पुष्कळदा गायबच असतं. व्हिटमनची ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’ (1865) वाचताना लिंकन हे नाव कुठेच सापडत नाही. जहाज म्हणजे देश, भयंकर सफर म्हणजे यादवी युद्ध, मरून पडलेला कप्तान म्हणजे लिंकन, हे सगळं वाचकाने जोडायचं. असा मेटाफर कवितेच्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालला की त्याला एक्स्टेंडेड मेटाफर म्हणतात.

अनुप्रासाचंही तसंच. अ‍ॅलिटरेशनमध्ये शब्दांच्या, विशेषतः आघात असलेल्या अवयवांच्या, सुरुवातीच्या व्यंजनाची पुनरावृत्ती पाहतात. आतल्या किंवा शेवटच्या व्यंजनांची असेल तर कॉन्सोनन्स, स्वरांची असेल तर असोनन्स. आणि मोजायचा तो आवाज. अक्षर पाहून फसू नका: इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘के’ने सुरू होणाऱ्या ‘नाइफ’चा अनुप्रास ‘नाइट’शी जुळतो, ‘किंग’शी जुळत नाही.

अपॉस्ट्रफी म्हणजे इथे विरामचिन्ह नव्हे. समोर नसलेल्या व्यक्तीला, निर्जीव वस्तूला किंवा कल्पनेला थेट हाक मारणं म्हणजे अपॉस्ट्रफी.

सिमिली आणि मेटाफर हा फरक तर सातवीतला आहे. एम.ए.ला त्यात लिहिण्यासारखं काय?

लँग्स्टन ह्यूज यांची ‘हार्लेम’ (1951) ही अकरा ओळींची कविता पाहा. लांबणीवर टाकलेल्या स्वप्नाचं होतं काय, एवढाच तिचा प्रश्न. उत्तरादाखल पाच उपमा येतात: उन्हात सुकलेला मनुका, चिघळलेली जखम, सडलेलं मांस, साखर धरलेली पाकातली मिठाई, जड ओझं. पाचही ठिकाणी ‘लाइक’ आहे. शेवटची ओळ वेगळी छापलेली, तिरप्या टायपात, आणि तिथे ‘लाइक’ नाही: की त्याचा स्फोट होतो? उपमा चालू असते तोवर स्वप्न आणि वस्तू यांच्यात ‘सारखं’ या शब्दाएवढं अंतर असतं. शेवटी ते अंतर काढून घेतलं आहे. फरक सातवीतलाच, पण इथे अख्ख्या कवितेचा भार त्याच्यावर आहे.

लॉरेन हॅन्सबेरी यांच्या 1959 मधल्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचं नाव याच कवितेतलं आहे. एका साहित्यकृतीने दुसरीकडे केलेल्या अशा निर्देशाला अ‍ॅल्यूजन म्हणतात. स्पेलिंग जपून लिहा. ‘इल्यूजन’ म्हणजे भ्रम, आणि ही चूक उत्तरपत्रिकेत फार दिसते.

इंग्रजी कवितेचा छंद मोजताना नेहमी गोंधळ होतो. मात्रा मोजायच्या का?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचं मूळ हेच आहे. आपली वृत्तं लघु-गुरूवर, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळावर चालतात. इंग्रजी छंद आघातावर चालतो: कोणत्या अवयवावर जोर पडतो आणि कोणता हलका जातो. दीर्घ स्वर असलेला अवयव बिनआघाताचा असू शकतो, ऱ्हस्व स्वराच्या अवयवावर आघात असू शकतो. म्हणून भुजंगप्रयाताच्या सवयीने गण पाडायला गेलं की हाती काहीच लागत नाही.

क्रम असा ठेवा.

पहिलं, ओळ मोठ्याने म्हणा आणि अवयव मोजा. देवनागरीत उतरवून अक्षरं मोजू नका. ‘स्ट्रेंग्थ्स’ लिहायला केवढा लांब दिसतो, पण अवयव एकच.

दुसरं, एकाहून अधिक अवयवांच्या शब्दांचा आघात शब्दकोशात पाहा. आघाताच्या अवयवाआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. हे अंदाजाने करू नका, कारण मराठी बोलीत आपण इंग्रजी शब्दांना जवळजवळ सपाट जोर देतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

तिसरं, एका अवयवाच्या शब्दांपैकी नाम, मुख्य क्रियापद आणि विशेषण यांना सहसा आघात द्या. आर्टिकल, प्रिपोझिशन, सर्वनाम यांना सहसा नको.

चौथं, आता पाद पाडा. हलका-जड म्हणजे आयंब, जड-हलका म्हणजे ट्रोकी, हलका-हलका-जड म्हणजे अ‍ॅनपेस्ट, जड-हलका-हलका म्हणजे डॅक्टिल. ओळीत चार पाद असतील तर टेट्रामीटर, पाच असतील तर पेंटामीटर.

रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘स्टॉपिंग बाय वुड्झ ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ची (1923) पहिली ओळ: हूज वुड्झ दीज आर आय थिंक आय नो. आठ अवयव, चार आघात, म्हणजे आयंबिक टेट्रामीटर. उलट एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द रेव्हन’ची (1845) पहिली ओळ जड अवयवाने सुरू होते: वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी… पुढे ‘वीअरी’पर्यंत सोळा अवयव, म्हणजे आठ ट्रोकी. ‘ड्रिअरी’ आणि ‘वीअरी’ हे ओळीच्या मध्ये आणि शेवटी जुळणारं यमक म्हणजे इंटर्नल राइम.

पाचवी पायरी सगळ्यात मोलाची. छंद कुठे मोडला ते शोधा. कवी एखाद्या जागी आयंबऐवजी ट्रोकी टाकतो तेव्हा कानाला ठेच लागते, आणि तिथे बहुधा अर्थालाही वळण असतं. सगळ्या ओळी साच्यात कोंबून बसवल्या तर नेमकी हीच जागा हातची जाते.

यमकाची रचना ए-ए-बी-ए अशी नुसती लिहून पुरते का?

पुरत नाही. वरच्याच फ्रॉस्टच्या कवितेची रचना ए-ए-बी-ए, बी-बी-सी-बी, सी-सी-डी-सी, डी-डी-डी-डी अशी आहे. प्रत्येक कडव्यातली तिसरी, न जुळणारी ओळ पुढच्या कडव्याचं यमक ठरवते. म्हणजे प्रत्येक कडवं पुढे ढकलतं, थांबू देत नाही, आणि कविता आहे थांबण्याविषयी. शेवटच्या कडव्यात पुढे ढकलणारी ओळच उरत नाही. शेवटच्या दोन ओळी तर शब्दशः सारख्या. थांबणं की निजणं की आणखी काही, हा वाद समीक्षक आजही घालतात. याच कडव्याच्या ओळी नेहरूंनी स्वतःच्या हाताने उतरवून जवळ ठेवल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे ती कर्तव्याची कविता म्हणून जास्त ओळखली जाते. परीक्षेत फक्त तेवढंच लिहिलंत तर निम्मी कविता सुटली.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स यांत फरक काय? दोन्हींत यमक नसतंच की.

ब्लँक व्हर्समध्ये यमक नाही, पण छंद आहे: आयंबिक पेंटामीटर. फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’ (1914) ब्लँक व्हर्समध्ये आहे. फ्री व्हर्समध्ये नियमित छंदही नाही आणि नियमित यमकही नाही.

म्हणून फ्री व्हर्स म्हणजे मोकाट लिहिणं, असं समजू नका. छंदाचं काम तिथे दुसरी साधनं करतात. वॉल्ट व्हिटमनच्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’मध्ये (1855) तीन साधनं सतत दिसतात. ओळींच्या सुरुवातीला तोच शब्द पुन्हा पुन्हा येणं म्हणजे अ‍ॅनाफोरा. माणसं, धंदे, जागा यांची लांबच लांब यादी म्हणजे कॅटलॉग. एकाच घडणीची वाक्यं एकापाठोपाठ येणं म्हणजे पॅरललिझम. ‘आउट ऑफ द क्रेडल एंडलेसली रॉकिंग’चं पहिलंच वाक्य वीसहून अधिक ओळी चालतं आणि कर्ता-क्रियापद जवळजवळ शेवटी भेटतात, तोवर ‘आउट ऑफ’, ‘फ्रॉम’ असे शब्द लाटांसारखे येत राहतात. अ‍ॅलन गिन्सबर्गच्या ‘हाउल’मध्ये (1956) हेच काम ‘हू’ हा शब्द करतो.

एक सापळा: व्हिटमन दिसला की ‘फ्री व्हर्स’ लिहायची सवय. ‘ओ कॅप्टन!’ मात्र यमकबद्ध आहे आणि तिला ध्रुपदही आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नात हे हमखास विचारण्याजोगं.

एमिली डिकिन्सनची यमकं जुळत नाहीत. तिला जमलं नाही, की आपलं वाचन चुकतं?

दोन्ही नाही. ती अर्धवट जुळवते, आणि ते जाणूनबुजून. याला स्लँट राइम म्हणतात: शेवटचं व्यंजन जुळतं, स्वर जुळत नाही, कधी नुसतीच जवळीक असते.

आधी चौकट पाहा. तिच्या पुष्कळ कविता कॉमन मीटरमध्ये आहेत: आठ अवयव, सहा, आठ, सहा. चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या प्रार्थनागीतांचा हा साचा. न्यू इंग्लंडमध्ये वाढलेल्या वाचकाच्या कानात तो मुरलेला. म्हणजे कान पूर्ण यमकाची वाट पाहत असतो आणि ती ते देत नाही.

‘आय हर्ड अ फ्लाय बझ’ या कवितेत मरणारी व्यक्ती स्वतःच्या मृत्यूचं वर्णन करते. पहिल्या कडव्यात ‘रूम’ला ‘स्टॉर्म’, दुसऱ्यात ‘फर्म’ला ‘रूम’, तिसऱ्यात ‘बी’ला ‘फ्लाय’. एकही नीट जुळत नाही. चौथ्या, शेवटच्या कडव्यात ‘मी’ला ‘सी’: पहिलं आणि एकमेव पूर्ण यमक. डोळ्यांपुढे अंधार येतो त्याच क्षणी आवाज चपखल बसतो. शेजारीच माशीच्या गुणगुणण्याला निळा रंग दिला आहे. एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्याच्या भाषेत सांगणं म्हणजे सिनस्थीझिया, आणि ‘बझ’ हा ध्वनीची नक्कल करणारा शब्द म्हणजे ओनोमॅटोपिया. एका ओळीत दोन्ही सापडतात.

तिच्या कविता वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळ्या का दिसतात?

1886 मध्ये ती गेली तेव्हा जेमतेम दहाएक कविता छापून आल्या होत्या. मागे राहिल्या सुमारे 1,800. 1890 मध्ये मेबल लूमिस टॉड आणि थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी पहिला संग्रह काढला. त्यांनी डॅश काढले, विरामचिन्हं घातली, कुठे शब्द बदलले, शीर्षकंही दिली. ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ला त्यांनी ‘द चॅरिअट’ असं नाव दिलं आणि चौथं कडवं गाळलं. तुमच्याकडच्या झेरॉक्सवर पाचच कडवी आणि वर शीर्षक असेल, तर ती 1890ची छपाई. सहा कडवी आणि डॅश असलेला पाठ घ्या.

हस्तलिखितांना धरून केलेल्या आवृत्त्यांपैकी प्रमुख दोन: थॉमस जॉन्सन (1955) आणि आर. डब्ल्यू. फ्रँक्लिन (1998). दोघांचे क्रमांक वेगळे. ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ जॉन्सनमध्ये 712, फ्रँक्लिनमध्ये 479. क्रमांक लिहिताना तो कोणाचा तेही लिहा.

प्रतिमा, प्रतीक आणि अ‍ॅलेगरी यांत नेहमी घोटाळा होतो. ओळखायचं कसं?

प्रतिमा इंद्रियांना जाणवते आणि तेवढ्यावर थांबू शकते. विल्यम कार्लोस विल्यम्सची ‘द रेड व्हीलबॅरो’ (1923): सोळा शब्द, चार जोडओळी, प्रत्येक जोडीत तीन शब्द आणि खाली एक. लाल ढकलगाडी, पावसाचं पाणी, पांढऱ्या कोंबड्या. ढकलगाडी म्हणजे श्रमिकवर्ग वगैरे लिहिण्याचा मोह आवरा. इमॅजिझमच्या, म्हणजे स्वच्छ, नेमक्या प्रतिमेवर भर देणाऱ्या काव्यचळवळीच्या, वळणाच्या या कवितेचा रोख वस्तू नीट दिसावी यावरच होता.

अ‍ॅलेगरीत एकास एक जुळणी असते. हॉथॉर्नच्या ‘यंग गुडमन ब्राउन’मध्ये (1835) बायकोचं नावच फेथ, आणि रात्री जंगलात निघालेला नवरा तिला मागे ठेवून जातो. श्रद्धा सोडून सैतानाकडे जाणं: हिशेब उघड आहे. ऑर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’मध्ये (1953) 1692 मधले सेलमचे चेटूक-खटले दाखवून 1950च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टांविरुद्ध चाललेल्या शोधमोहिमेवर बोट ठेवलं आहे.

प्रतीक मात्र एका अर्थात मावत नाही. ‘द स्कार्लेट लेटर’मधलं (1850) ‘ए’ हे अक्षर व्यभिचाराची शिक्षा म्हणून हेस्टरच्या छातीवर येतं. पुढे गावातले लोक त्याचा अर्थ ‘एबल’, म्हणजे कर्तबगार, असा लावतात. त्याहून सरस धडा हवा असेल तर मेलव्हिलच्या ‘मोबी-डिक’चं (1851) 99वं प्रकरण वाचा. डोलकाठीला ठोकलेल्या सोन्याच्या नाण्यापुढे एकेक खलाशी येतो आणि प्रत्येक जण त्यात निराळं काही वाचतो. एहॅबला स्वतःच दिसतो, फ्लास्कला त्यातून किती सिगार येतील तेवढंच दिसतं. प्रतीक कसं चालतं हे यापेक्षा स्वच्छ कुठल्याही कोशात लिहिलेलं नाही.

‘निवेदक’ आणि ‘लेखक’ वेगळे का मानायचे? कवितेत ‘मी’ म्हणजे कवीच ना?

गृहीत धरू नका. उत्तरात ‘पो म्हणतो’ऐवजी ‘निवेदक म्हणतो’, कवितेत ‘स्पीकर म्हणतो’ असं लिहा. पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये (1843) बोलणारा खुनी आहे, पो नव्हे. इमर्सनच्या ‘ब्रह्मा’ (1857) या सोळा ओळींच्या कवितेत बोलणारं तर साक्षात ब्रह्म. मारणाऱ्याला वाटतं मी मारलं, मरणाऱ्याला वाटतं मी मेलो, दोघांनाही कळत नाही, ही तिची सुरुवात मराठी वाचकाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली म्हणून लगेच ओळखू येते. अमेरिकेतल्या तेव्हाच्या वाचकांनी मात्र तिची भरपूर टिंगल केली होती.

निवेदकावर विश्वास ठेवता येत नसेल तर तो अनरिलायबल नॅरेटर. ही संज्ञा वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केली. ओळखण्यासाठी असं पाहा: निवेदक न विचारता स्वतःची खात्री देतो का? त्याची मतं आणि त्यानेच सांगितलेल्या घटना जुळतात का? सांगण्यात त्याचा फायदा काय? पोचा निवेदक पहिल्या परिच्छेदातच आपण वेडे नाही असं बजावतो. ‘द ग्रेट गॅट्सबी’मधला (1925) निक कॅरवे आपण प्रामाणिक असल्याचं सांगतो, आणि बहुतेक वाचक ते तपासत नाहीत.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधला निवेदक हक वेगळा. तो खोटं सांगत नाही; त्याला जे दिसतं त्याचा अर्थ त्याला कळत नाही. त्याला नाईव्ह नॅरेटर म्हणा. विल्यम फॉकनरच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’मध्ये (1930) 15 निवेदक आणि 59 भाग आहेत, मेलेली आईसुद्धा एकदा बोलते. तिथे कोण खरं बोलतं याच्या मागे लागू नका. कोण काय गाळतं ते टिपा.

स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस म्हणजे मनातले विचार दाखवणं. बरोबर?

अपुरं. ‘त्याला वाटलं की…’ असं सांगणं सगळ्याच कादंबऱ्यांत असतं. संज्ञाप्रवाहात विचारांचा क्रम, तुटकपणा, एका आठवणीतून दुसरीत घसरणं जसंच्या तसं येतं. फॉकनरच्याच ‘द साउंड अँड द फ्युरी’च्या (1929) पहिल्या भागात निवेदक बेंजीला काळच कळत नाही. खिळ्याला कपडा अडकला की तो थेट वीसेक वर्षं मागे जातो. टाइप तिरपा झाला की काळ बदलला असं समजा. पेन्सिलीने कडेला कुठला प्रसंग ते लिहीत गेलात तर तो भाग दुसऱ्या वाचनात सुटतो.

आयरनीचे तीन प्रकार उदाहरणांसह सांगाल का?

व्हर्बल: बोलणारा म्हणतो एक, त्याला सुचवायचं असतं दुसरं. त्यात टोचण्याचा हेतू असेल तर सरकॅझम.

सिच्युएशनल: अपेक्षा एक, घडतं उलट. ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’मध्ये (1905) ती केस विकून घड्याळाची साखळी आणते, तो घड्याळ विकून केसांच्या फण्या आणतो. केवळ दुर्दैव म्हणजे आयरनी नव्हे. ऐन सहलीच्या दिवशी पाऊस पडला तर तो नुसता पाऊस.

ड्रॅमॅटिक: वाचकाला माहीत, पात्राला नाही. केट शोपिनच्या ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर’मध्ये (1894) नवरा जिवंत परततो आणि बायको मरते. डॉक्टर सांगतात, आनंदाने गेली. ती कशाने गेली हे फक्त वाचकाला ठाऊक.

‘हकलबरी फिन’च्या 31व्या प्रकरणात या प्रकारांची सरमिसळ आहे. पळालेल्या जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र हक लिहितो, मग फाडतो आणि म्हणतो, ठीक आहे, जाईन नरकात. त्याच्या मते तो पाप करतोय. त्याला तसं शिकवणारा समाज त्या एका वाक्यात उघडा पडतो, आणि हकला त्याचा पत्ता नाही.

रोमान्स, रोमँटिसिझम, रिअलिझम, नॅचरलिझम: नावं सारखीच वाटतात.

तीन गैरसमज आधी काढू. हॉथॉर्न स्वतःच्या पुस्तकांना ‘रोमान्स’ म्हणतो तेव्हा प्रेमकथा अभिप्रेत नसते. नॉव्हेलने संभाव्यतेला धरून राहावं, रोमान्सला कल्पिताची, अद्भुताची मुभा असावी, असा भेद त्याने ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’च्या (1851) प्रस्तावनेत केला. नॅचरलिझमचा निसर्गवर्णनाशी संबंध नाही. आणि ट्रान्सेंडेंटलिझम ही 1836 मधल्या इमर्सनच्या ‘नेचर’पासून जोर धरलेली, अंतःप्रेरणेवर भर देणारी विशिष्ट चळवळ आहे, प्रत्येक आध्यात्मिक ओळीला ते नाव लावू नका.

रिअलिझम यादवी युद्धानंतर, म्हणजे 1865 नंतर बळावला: रोजचं जगणं, नैतिक पेच, माणसाच्या हातात असलेली निवड. नॅचरलिझममध्ये ही निवड आक्रसते. परिस्थिती, आनुवंशिकता, निसर्गाची बेपर्वाई वरचढ होते. स्टीफन क्रेनच्या ‘द ओपन बोट’मध्ये (1897) चौघे होडीत अडकतात आणि शेवटी मरतो तो त्यांतला सगळ्यात सशक्त. रिअलिस्ट लेखकाने त्याला काही कारण दिलं असतं. क्रेन देत नाही.

आफ्रिकन-अमेरिकन साहित्यासाठी वेगळ्या संज्ञा लागतात का?

लागतात. स्लेव्ह नॅरेटिव्ह म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांनी सांगितलेली आत्मकथनं. फ्रेडरिक डग्लस (1845) आणि हॅरिएट जेकब्स (1861) ही दोन वाचायलाच हवीत. डग्लसचं एक वाक्य कायझमस, म्हणजे उलट्या क्रमाने केलेली पुनरुक्ती, शिकायला पुरेसं आहे. आशय असा: माणसाचा गुलाम कसा झाला ते तुम्ही पाहिलंत, आता गुलामाचा माणूस कसा झाला ते पाहा. शब्दांचा क्रम उलटतो आणि आयुष्यही. डबल कॉन्शसनेस ही ड्यूबॉइस यांची संज्ञा (‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’, 1903): स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तुच्छतेच्या नजरेतून पाहावं लागणं. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ म्हटली जाते, तीच थोडी बदलून पुन्हा, मग तिसरी जुळणारी. ह्यूजच्या ‘द वेअरी ब्लूज’मध्ये (1926) हा साचा कवितेत आला.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली आणि दलित पँथरने (1972) नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. तौलनिक उत्तरात हे जरूर लिहा, पण जात आणि वंश एकच असल्यासारखं लिहू नका.

मूळ पाठातले वर्णद्वेषी शब्द अवतरणाबाहेर, स्वतःच्या वाक्यात वापरायचे नाहीत.

नाटकासाठी काय वेगळं पाहायचं?

रंगसूचना वाचा, विद्यार्थी त्या गाळतात. यूजीन ओनीलच्या ‘द एम्परर जोन्स’मध्ये (1920) ढोल मिनिटाला 72 ठोक्यांनी, म्हणजे नाडीच्या गतीने, सुरू होतो आणि वाढत जातो. पात्राच्या आतली भीती बाहेर ऐकू येणं म्हणजे एक्स्प्रेशनिझम. टेनेसी विल्यम्सचं ‘द ग्लास मेनाजरी’ हे मेमरी प्ले: जे दिसतं ते टॉमच्या आठवणीतलं, म्हणून प्रकाशही वास्तवाला धरून नाही. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधल्या विली लोमनला ट्रॅजिक हीरो म्हणायचं का, या प्रश्नावर मिलरचाच 1949 मधला ‘ट्रॅजेडी अँड द कॉमन मॅन’ हा लेख वाचल्याशिवाय लिहू नका. छोटा आहे.

एकमेकांशी घोळ होणाऱ्या संज्ञांची झटपट उजळणी?

एपिग्राफ पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेलं अवतरण, एपिग्राम चटकदार छोटं वचन, एपिटाफ थडग्यावरचा मजकूर. सिनेक्डकीत अंगाने अंगी सुचवतात (‘हँड्स’ म्हणजे मजूर); मेटॉनिमीत जवळच्या वस्तूने (‘मंत्रालयाने आदेश काढला’). टोन निवेदकाचा, मूड वाचकावर होणारा. थीम एका शब्दाची नसते: ‘एकटेपणा’ हा विषय झाला, एकटेपणाबद्दल कृती काय म्हणते ती थीम.

उत्तरात संज्ञा किती घालाव्यात?

‘फ्रॉस्टने सिंबल, इमेजरी, मेटाफर यांचा सुंदर वापर केला आहे’ ही जंत्री झाली. परीक्षकाला त्यातून फक्त तुम्ही गाइड वाचलं एवढं कळतं. त्याऐवजी असं: ‘‘मेंडिंग वॉल’मध्ये दोन वाक्यं दोन-दोनदा येतात. शेजाऱ्याचं वाक्य बापाकडून आलेली, बंद म्हण आहे. स्पीकरचं वाक्य ‘समथिंग’ने सुरू होतं आणि ते ‘काहीतरी’ काय, हे तो उघड सांगत नाही. भिंत पाडते ती गोठून फुगणारी जमीन, म्हणजे फ्रॉस्ट. कवीने स्वतःचं आडनाव असं लपवलं आहे.’ यात संज्ञा कमी आहेत. हवी तर शेवटी ‘पन’, म्हणजे श्लेष, लिहा.

नेटवरून कविता उतरवून घेतली तर चालते का?

घ्या, पण छापील पाठाशी ताडून. कॉपी करताना तीन गोष्टी हमखास जातात: ओळींची तोड, डिकिन्सनचे डॅश आणि कडव्यांमधली रिकामी ओळ. व्हिटमनची ‘सॉंग ऑफ मायसेल्फ’ असेल तर आवृत्तीही पाहा. 1855 मध्ये तिला हे शीर्षक नव्हतं, 52 क्रमांकित भाग 1867 मध्ये आले, आणि आजचं नाव 1881 मध्ये. बहुतेक अभ्यासक्रमांत 1891-92चा पाठ धरलेला असतो. तसं नसेल तर कोणता पाठ वापरला ते पहिल्याच अवतरणाखाली नोंदवा.